दातांचा दवाखाना चांगला कशावरून ठरवायचा? सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगावात दातांच्या दवाखान्यांना तोटा नाही. शहरातच दंत महाविद्यालये आहेत. खानापूर, येळ्ळूर, निपाणी, अगदी पलीकडच्या चंदगडातूनही दाढ दुखणारा माणूस इकडची बस धरतो. दवाखाना मात्र अजूनही ऐकीव गोष्टींवर निवडला जातो. डॉक्टरांचा हात हलका आहे, पैसे कमी घेतात, शेजारणीची कवळी तिथेच बसवली. उपचाराचा दर्जा तपासायचे मार्ग गेल्या पाऊणशे वर्षांत एकेक करून तयार झाले. त्यातले थोडेच रुग्णापर्यंत पोहोचले, याची मला खंत आहे.

सुरुवातीला प्रश्न एवढाच होता की दात काढणारा शिकलेला आहे का. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कोलकात्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले, मुंबईत नायर रुग्णालयाचे 1933 मध्ये सुरू झाले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तरी खेड्यातल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता, त्याच्या वाट्याला बाजाराच्या दिवशी चिमटा घेऊन बसणाराच होता. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने प्रत्येक राज्यात नोंदवही आली. तिचे दोन भाग होते: ‘अ’ भागात पदवीधर, ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण काही वर्षे याच धंद्यावर पोट भरणारे. ही तडजोड मला चूक वाटत नाही. शिकलेले डॉक्टर इतके थोडे होते की बाकीच्यांना एकदम बंद केले असते तर दुखणारी दाढ घेऊन लोकांनी जायचे कुठे?

1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि नोंदवहीही तिकडे गेली. याचा त्रास सीमेवरच्या रुग्णाला आजही होतो. रूट कॅनाल गडहिंग्लजला केले आणि कॅप बेळगावात बसवली, तर पहिल्या डॉक्टरची नोंद महाराष्ट्राच्या दंत परिषदेत आणि दुसऱ्याची कर्नाटकाच्या. तक्रार करायची तर एक मुंबईला, दुसरी बेंगळुरूला. एक्स-रे आणि उपचाराचे कागद जवळ नसतील तर दोन्हीकडे सांगण्यासारखे हातात काहीच नसते.

नोंदणीवरून पदवी कळते, काम कसे होते ते कळत नाही. अमेरिकेतले अवेदिस दोनाबेदियन यांनी 1966 मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा तीन बाजूंनी तपासायची रीत मांडली: साधने काय आहेत, काम कोणत्या पद्धतीने होते आणि शेवटी रुग्णाला काय गुण आला. खुर्ची, दिवा, एसी या गोष्टी पहिल्या बाजूला मोडतात आणि आपण त्यांनाच भुलतो. दुसरी बाजू ऑटोक्लेव्हपाशी, म्हणजे दाबाखालच्या वाफेने अवजारे निर्जंतुक करणाऱ्या यंत्रापाशी कळते. अवजारे नुसती उकळल्याने सगळे जंतुबीजाणू मरत नाहीत. दाबाखालची 121 अंशांची वाफ साधारण 15 ते 20 मिनिटे लागते, 134 अंशांना त्याहून कमी वेळ पुरतो. हिपॅटायटिस-बी आणि एचआयव्हीची धास्ती आल्यावर दवाखान्यांचे याकडे गांभीर्याने लक्ष गेले. अवजारांचे पाकीट आपल्यासमोर फोडले का, त्यावरच्या खुणेचा रंग बदललेला आहे का, हे कुणीही पाहू शकतो. विचारायला संकोच नको.

दर्जा तपासताना एक गोष्ट मी सर्वांत वर ठेवते: तोंडाच्या कर्करोगाच्या खुणा डॉक्टर शोधतो का. निपाणीचा हा पट्टा तंबाखूचा. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी केलेल्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे मेली. ते पीक घरात मिश्री होऊन येते आणि बायका पहाटे उठून ती दातांना लावतात. अशा भागात डॉक्टर फक्त किडलेली दाढ बघून गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखाली बघत नसेल, तर भरलेली दाढ कितीही सुबक असो, काम अपुरे आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणे, या गोष्टी त्या खुर्चीतच सापडायला हव्यात.

रुग्णाच्या हातात कायदा उशिरा आला. 1986 चा ग्राहक कायदा (आता त्याच्या जागी 2019 चा आहे) डॉक्टरांना लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले. जिथे काहींकडून पैसे घेतले जातात तिथल्या मोफत रुग्णालाही दाद मागता येते, हेही त्याच निकालात आले. कर्नाटकाने 2007 मध्ये खासगी वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला. त्याने दवाखान्याची नोंदणी सक्तीची केली. पुढच्या दुरुस्तीने जिल्हा पातळीवर तक्रार निवारणाची सोय आणि रुग्णहक्कांची सनद आणली. पण संमतीपत्र इंग्रजीत किंवा कन्नडात असते आणि सही करणारी आजी मराठी. तिला कुणी मराठीत समजावून सांगितले नसेल तर त्या सहीला मी संमती मानत नाही.

2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. मूल्यांकन आणि मानांकनाचे स्वतंत्र मंडळ त्यात आहे, मात्र ते दंत महाविद्यालयांसाठी. गल्लीतल्या दवाखान्याला एनएबीएचची, म्हणजे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता घेता येते, पण ती ऐच्छिक आहे.