ट्रीटमेंट संपली, आता पुढचं कोण बघणार?

ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असते तेव्हा बाईच्या मागेपुढे माणसंच माणसं असतात, सर्जन, किमोच्या सिस्टर, रेडिएशनवाले, तारखा तर इतक्या की कॅलेंडरवर जागा उरत नाही. मग एक दिवस शेवटचं रेडिएशन होतं, "आता काही महिन्यांनी या" असं सांगतात आणि घरी आल्यावर लक्षात येतं की उद्या हात दुखला तर विचारायचं कोणाला? सर्जनने गाठ काढली, त्यांचं काम झालं. फॅमिली डॉक्टर म्हणतात तुमचं कॅन्सरचं आहे ना, तिकडेच दाखवा. आणि तिकडची अपॉइंटमेंट दीड महिन्यानंतरची.

अशा बायका थोड्याथोडक्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार आधीच्या पाच वर्षांत निदान झालेल्या आणि हयात असलेल्या बायका 2020 च्या अखेरीस 78 लाख होत्या. या सगळ्यांनी आयुष्यभर कॅन्सर हॉस्पिटलच्याच रांगेत बसायचं म्हटलं तर नवीन पेशंट कोण बघणार.

बरं, फॅमिली डॉक्टरला हे जमतं का? तर जमतं, आणि हे माझं मत नाही. कॅनडात सुरुवातीच्या स्टेजचा कॅन्सर होऊन ट्रीटमेंट झालेल्या 968 बायकांचे दोन गट केले, एकाचा फॉलोअप कॅन्सर सेंटरमध्ये, दुसऱ्याचा फॅमिली डॉक्टरकडे. 2006 मध्ये निकाल आला. कॅन्सर उलटल्यामुळे होणारे गंभीर त्रास, म्हणजे हाड मोडणं, मणक्यावर दाब येणं वगैरे, दोन्हीकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपासच. रोजचं जगणं कसं चाललंय याच्या मोजमापातही फरक नाही. आणि त्या फॅमिली डॉक्टरांना जास्तीचं काय दिलं होतं, तर एक पानाची गाइडलाइन!

आता इथे बऱ्याच जणींचा प्रश्न असतो की तिकडे दरवर्षी स्कॅन, रक्त, सगळं होईल ना, क्लिनिकमध्ये काय नुसतं हाताने तपासणार. पण काही त्रास नसताना बोन स्कॅन, छातीचा एक्सरे, लिव्हरची सोनोग्राफी सारखी सारखी करून बघितली तर आयुष्य वाढतं का, हे इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी तपासलंय, 1994 मध्ये ते छापून आले आणि उत्तर होतं, नाही. औषधं तेव्हापासून खूप बदलली तरी आजही सल्ला साधाच आहे, पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा, आणि वर्षाला मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्सरे. बाकीच्या टेस्ट काही लक्षण दिसलं तरच. 

खरं काम तर टेस्टच्या बाहेरच आहे. हाताचंच घ्या. काखेतल्या गाठी काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं की हातातला लिम्फ नावाचा द्रव परत वाहून जायची वाट अर्धवट बंद होते, आणि कधी काही महिन्यांनी तर कधी काही वर्षांनी हात सुजायला लागतो. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी बाईला कळते, बाही घट्ट वाटते, अंगठी निघत नाही, संध्याकाळी हात जड होतो. क्लिनिकमध्ये यासाठी मशीन लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. मनगट, मग कोपराच्या खाली आणि वर ठरावीक अंतरावर, दोन्ही हात मोजायचे, आकडे केसपेपरवर लिहून ठेवायचे आणि पुढच्या वेळी तिथेच परत मोजायचं. दोन सेंटिमीटरचा फरक वाढलेला दिसला की फिजिओथेरपीला पाठवायचं, लवकर धरलं तर आटोक्यात राहतं. आणि हो, "त्या हाताने काही उचलू नका" हा जुना सल्ला आता सोडून द्यायला हवा. 2009 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात आधीच सूज असलेल्या बायकांना देखरेखीखाली हळूहळू वजनं उचलायला लावली, सूज वाढली नाहीच, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले.

दुसरं म्हणजे गोळी. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर असेल तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच ते दहा वर्षं घ्यायची असते, रोज. गरम वाफा येतात, लेट्रोझोलने सांधे असे आखडतात की सकाळी मूठ मिटत नाही, मग बाई हळूच गोळी बंद करते आणि कोणाला सांगत नाही. "गोळी चालू आहे ना?" असं विचारलं की उत्तर हो असंच येतं. त्यापेक्षा "महिन्यात किती वेळा राहून जाते?" असं विचारून बघा, मग खरं बाहेर येतं. सांधेदुखीवर उपाय आहेत, व्यायामाने फरक पडतो, नाहीतर गोळी बदलता येते, पण त्यासाठी आधी कळायला तर हवं. 

फॅमिली डॉक्टरच्या हातून होणारी एक चूकसुद्धा इथलीच. टॅमॉक्सिफेन लिव्हरमधल्या एका एन्झाइममुळे पूर्ण कामाला लागतं आणि पॅरॉक्सेटीन, फ्लुओक्सेटीन ही डिप्रेशनवरची औषधं नेमकं तेच एन्झाइम अडवतात. झोप नाही, उदास वाटतं म्हणून चांगल्या मनाने लिहून दिलेली गोळी कॅन्सरच्या गोळीचा जोर कमी करू शकते. व्हेनलाफॅक्सिनसारखं दुसरं औषध असतं, पण चालू काय आहे हे क्लिनिकला माहीतच नसेल तर सुचणार कसं. म्हणून डिस्चार्जच्या जाड फाइलपेक्षा एका पानावर लिहिलेलं बरं, कुठली बाजू, कुठलं ऑपरेशन, कुठली किमो, रेडिएशन कुठे, गोळी कधी सुरू आणि कधीपर्यंत. किमोचं आणि इतर औषधांचं नाव का, तर डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब झालं असेल तर त्यांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, मग नंतर लागलेली धाप नुसती वयाची म्हणून सोडून देता येत नाही.

थकवा, योनीचा कोरडेपणा, नावं न आठवणं, हे तर विचारल्याशिवाय कोणी बोलतच नाही. तेही विचारायचं, लाजून चालत नाही.

राहता राहिली भीती. हार्मोनवाला कॅन्सर वीस वर्षांनीही उलटू शकतो, त्यामुळे पाठ दुखली की बाईला मणकाच आठवतो. तपासून, हात लावून, "नवीन आहे का, एकाच जागी आहे का, रात्रीही दुखतं का" हे विचारून डॉक्टर म्हणतात दोन आठवडे बघू, नाही थांबलं तर एक्सरे काढू, आणि तारीख लिहून देतात. त्या तारखेला ती येते, बहुतेक वेळा दुखणं गेलेलं असतं, नसेल तर एक्सरेची चिठ्ठी तेव्हाच.