अनुमान (भारतीय तर्कशास्त्र)

दिसलेल्या खुणेवरून न दिसलेल्या गोष्टीचे ज्ञान करून देणारे साधन म्हणजे अनुमान. ‘अनु’ म्हणजे नंतर. आधी काहीतरी पाहिलेले असते आणि त्याच्या पाठोपाठ हे ज्ञान येते, म्हणून हे नाव. साधन ते अनुमान आणि त्यातून निघालेला निष्कर्ष ती अनुमिती, हा भेद शास्त्रकार कसोशीने पाळतात. रोजच्या मराठीत तो पुसला गेला आहे. ‘माझे आपले एक अनुमान’ असे म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा नुसता अंदाज सांगायचा असतो. शास्त्रातले अनुमान एका नियमाला बांधलेले असते. नियम पक्का आणि खूण खरी, तर निष्कर्ष नाकारायला जागा उरत नाही.

तर्काचा विशेष विचार करणारे न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून होणारे ज्ञान) आणि शब्द (विश्वासू माणसाचे सांगणे) अशी चार प्रमाणे, म्हणजे खऱ्या ज्ञानाची साधने, मानते. वैशेषिक दर्शन आणि बौद्ध पहिल्या दोहोंवर थांबतात. जडवादी चार्वाक प्रत्यक्षापलीकडे जायलाच तयार नाहीत.

शास्त्रातले ठरलेले उदाहरण डोंगरावरच्या धुराचे. लांबच्या डोंगरावर धूर दिसतो, विस्तव दिसत नाही, तरी पाहणारा म्हणतो की तिथे विस्तव आहे. यात डोंगर हा ‘पक्ष’, विस्तव हे ‘साध्य’ आणि धूर हा ‘हेतू’. जिथे जिथे धूर तिथे तिथे विस्तव, हा अव्यभिचारी, म्हणजे कधीच न चुकणारा, संबंध म्हणजे ‘व्याप्ती’. ती माणसाने पूर्वी चुलीपाशी बसून शिकलेली असते. ग्रंथांतही दाखला महानसाचा, म्हणजे स्वयंपाकघराचाच देतात. पण व्याप्ती ठाऊक असणे आणि धूर दिसणे एवढ्याने काम होत नाही. ‘विस्तवाशिवाय न राहणारा जो धूर, तोच या डोंगरावर आहे’ असे दोन्ही धागे एकत्र बांधणारे ज्ञान व्हावे लागते. त्याला ‘परामर्श’ म्हणतात आणि अनुमिती त्यातून जन्मते. धूर पाहूनही ज्याच्या डोक्यात काही पेटत नाही, त्याचा परामर्श झालेला नसतो.

हे सारे स्वतःपुरते झाले तर ते स्वार्थानुमान. दुसऱ्याला पटवायचे तर परार्थानुमान, आणि त्यासाठी पाच वाक्ये लागतात. डोंगरावर विस्तव आहे (प्रतिज्ञा). कारण तिथे धूर आहे (हेतू). जिथे धूर तिथे विस्तव, जसे स्वयंपाकघरात (उदाहरण). हा डोंगरही तसाच धूर असलेला (उपनय). म्हणून तिथे विस्तव आहे (निगमन). ॲरिस्टॉटलच्या संवाक्यात (सिलॉजिझम) तीन वाक्यांत काम भागते, त्यामुळे पाचांत पाल्हाळ दिसतो, आणि पहिले व पाचवे वाक्य जवळजवळ एकच आहे हे खरेही आहे. मात्र तिसऱ्या वाक्यातले ‘जसे स्वयंपाकघरात’ हे शेपूट शोभेचे नाही. नियम सांगणाऱ्याने तो जिथे लागू पडलेला सगळ्यांनी पाहिला आहे अशी एक तरी जागा दाखवावी, हा दंडक त्यात आहे. प्रतिपक्षी समोर बसलेला असताना वाढलेले हे शास्त्र आहे.

खरे भांडण व्याप्तीपाशी होते. ‘धूर तिथे विस्तव’ हे खरे, पण ‘विस्तव तिथे धूर’ हे खरे नाही. याला ग्रंथकार तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देतात: विस्तव आहे, धूर नाही. आज गॅसची शेगडी पेटवली की तेच दिसते. मग चुलीतून धूर का निघतो? लाकूड ओले असते म्हणून. विस्तवाला ओल्या जळणाची जोड मिळाली तरच धूर होतो, असे ते मानतात. अशा गुपचूप शिरलेल्या जादा अटीला ‘उपाधी’ म्हणतात. एखादा नियम कानाला बरोबर वाटत असतानाही त्यात उपाधी दडलेली आहे का, हे हुडकणे नैयायिकाचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडिताचे, रोजचे काम. व्यवहारात आपण ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ म्हणून सोडून देतो. नैयायिक ते नेमके कुठे मुरते हे दाखवून देतो.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार आहेत. भाष्यकार वात्स्यायनाने दिलेल्या एका अर्थाप्रमाणे ढग दाटले म्हणून पाऊस येईल, हे कारणावरून कार्याचे पहिले. नदी फुगली म्हणून वर पाऊस झाला, हे कार्यावरून कारणाचे दुसरे. सूर्य सकाळी एका ठिकाणी आणि नंतर दुसऱ्या ठिकाणी दिसतो म्हणून तो चालतो, हे तिसरे. खगोलशास्त्राने पुढे ते निकालात काढले, कारण पाहणाराच फिरत असला तरी तसेच दिसते.

नदीचे उदाहरणही सुखाने सुटत नाही. सूत्रकार स्वतःच आक्षेप मांडतो. नदी बांध घातल्यानेही फुगेल. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणावे, तर कोणी वारूळ उकरल्यानेही त्या निघतील. मोराचा आवाज ऐकून मोर आहे म्हणावे, तर माणूसही तो आवाज काढू शकतो. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे! यावरचे उत्तर वाचण्यासारखे आहे. पावसाने आलेला पूर आणि बांधाने चढलेले पाणी या दोन वेगळ्या खुणा आहेत. पावसाच्या पुराला वेग असतो, फेस असतो, पाने, फळे, लाकडे वाहून येत असतात. चूक अनुमानाची नाही, खूण धड न पाहणाऱ्याची आहे. वर ऊन असताना धरणाचे दरवाजे उघडल्याने नदीचे पाणी वाढलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा आक्षेप आणि हे उत्तर दोन्ही ओळखीची वाटतील.

चार्वाकांचा हल्ला याहून खोल आहे. त्यांचे म्हणणे, जगातले सगळे धूर तुम्ही पाहिलेले नाहीत. उद्याचे तर नाहीतच. मग ‘जिथे जिथे’ कशाच्या जोरावर म्हणता? जैन आचार्य हरिभद्राच्या षड्दर्शनसमुच्चय या ग्रंथात या मताच्या संदर्भात ‘लांडग्याचे पाऊल बघ’ असा उल्लेख येतो, आणि टीकाकार त्याची गोष्ट सांगतात. एक नास्तिक आपल्या श्रद्धाळू बायकोला समजावण्यासाठी रात्री रस्त्यावरच्या धुळीत बोटांनी लांडग्याची पावले उमटवतो. सकाळी गावातले विद्वान ती पाहून लांडगा येऊन गेल्याचा निर्वाळा देतात. बायकोने ते विद्वान पाहावेत, एवढेच त्याला हवे असते.

उत्तरे निरनिराळी आली. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती नुसत्या वारंवार पाहण्यावर विसंबत नाही. धूर विस्तवातूनच उत्पन्न होतो म्हणून तो विस्तवावाचून असू शकत नाही. शिंशपा ही झाडाचीच एक जात, म्हणजे वृक्षच, म्हणून ‘शिंशपा’ म्हटल्यावर ‘वृक्ष’ आलाच. कार्यकारण किंवा तादात्म्य (एकरूपता), यांतला एक आधार हवा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही आपली म्हण पहिल्या आधारावरच उभी आहे. नैयायिक उदयनाने शंकेलाच मर्यादा घातली. विस्तवाशिवाय धूर होईल अशी खरोखर शंका असलेला माणूस धूर हवा असताना विस्तव पेटवायला जाणार नाही. स्वतःच्या वागण्याशीच विरोध येऊ लागला की शंका तिथे थांबते. माझ्या मते हे उत्तर चार्वाकाला पूर्ण गप्प करत नाही, पण त्याला चुलीपाशी मात्र अडकवते.

हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला तो ‘हेत्वाभास’. न्यायपरंपरेत त्याचे पाच प्रकार ठरले: सव्यभिचार (साध्य नसतानाही आढळणारा), विरुद्ध (साध्याच्या उलटच सिद्ध करणारा), सत्प्रतिपक्ष (तोडीस तोड उलटा हेतू असलेला), असिद्ध आणि बाधित. पावसाळ्यात घाटावरच्या धुक्याला धूर समजून आग लागल्याचे सांगणाऱ्याचा हेतू असिद्ध असतो, कारण धूर तिथे नाहीच. ‘विस्तव थंड असतो, कारण तो द्रव्य आहे’ हे बाधित. हात लावला की निकाल लागतो.

हेतूची कसोटी लावण्यात बौद्ध तर्कज्ञ दिङ्‍नागाचा वाटा मोठा आहे. हेतू पक्षात असावा, सपक्षात (साध्य नक्की असते तिथे, जसे स्वयंपाकघर) असावा, विपक्षात (साध्य नक्की नसते तिथे) नसावा, ही तीन अंगे त्याने काटेकोर बसवली. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने तत्त्वचिंतामणीत व्याप्तीच्या एकेक व्याख्येची अशी चिरफाड केली की तिथून नव्यन्याय, म्हणजे न्यायाची नवी परंपरा, सुरू झाला. त्याची भाषा इतकी गुंतागुंतीची की शिकायला वर्षे लागत. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाने मुलांना सुखाने कळावे म्हणून तर्कसंग्रह लिहिला, आणि संस्कृत शिकणारा महाराष्ट्रातला विद्यार्थी अजूनही बहुधा त्याच दाराने आत जातो. मुंबईत १८९७ साली निघालेली आठल्ये यांची आवृत्ती त्यासाठी वापरली जाते. त्याआधी १८७५ मध्ये भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश प्रसिद्ध झाला. पुढे वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी तो सुधारून वाढवला.

मराठीत हा विषय याहून पुष्कळ आधी आला आहे. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच्या गणेशरूपकात सहा दर्शने म्हणजे गणपतीचे सहा हात, आणि त्यांतल्या एका हातातला परशू म्हणजे तर्क. दुसऱ्या हातातला मोडका दात हा वार्तिककारांनी (भाष्यावर विवेचन लिहिणाऱ्यांनी) खंडन केलेल्या बौद्धमताचा संकेत आहे.