बेद्गेलर्टमधील ऐतिहासिक वास्तू

बेद्गेलर्ट हे उत्तर वेल्समधील ग्विनेद परगण्यातले, एरॅरी (स्नोडोनिया) राष्ट्रीय उद्यानातले छोटे गाव. ग्लासलिन आणि कॉल्विन या दोन नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. घरे बहुतेक करड्या दगडाची, छपरे स्लेटच्या फरशांची. वेल्श भाषेत ‘बेद्’ म्हणजे थडगे. गावाच्या नावातच थडगे असल्याने ते कोणाचे, हा प्रश्न इथल्या प्रत्येक वास्तूच्या मागे उभा राहतो.

गावातली सर्वांत जुनी वास्तू म्हणजे सेंट मेरीचे चर्च. या जागी आधी प्राचीन केल्टिक परंपरेचा मठ होता आणि तेराव्या शतकात तिथे ऑगस्टिनियन पंथाचे साधू राहत. वेल्समधील अतिशय जुन्या धर्मस्थानांत त्याची गणना होई. १२८०च्या दशकात आगीने मठाची मोठी हानी झाली, तेव्हा इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने मदत केली. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या काळात मठ बरखास्त झाले आणि इथे फक्त चर्च उरले. पूर्वेच्या भिंतीतल्या टोकदार कमानींच्या तीन उंच, अरुंद खिडक्या तेराव्या शतकातल्या आहेत. गावात येणारे बहुतेक लोक या खिडक्या न पाहताच पुढे जातात, कारण त्यांना कुत्र्याची समाधी पाहायची असते.

ही समाधी गावाच्या दक्षिणेला, ग्लासलिनच्या काठच्या कुरणात आहे. झाडाखाली एक छोटे कुंपण, आत स्लेटच्या पाट्या; त्यांवर एकच कथा वेल्श आणि इंग्रजीत कोरलेली. तेराव्या शतकातला वेल्श राजा लिवेलिन शिकारीहून परतला, तेव्हा गेलर्ट नावाचा त्याचा लाडका कुत्रा रक्ताने माखलेल्या तोंडाने सामोरा आला. बाळाचा पाळणा उलटा पडलेला. कुत्र्यानेच बाळाला मारले असे समजून राजाने त्याच्या अंगात तलवार खुपसली. मग पाळण्याखालून बाळाचे रडणे ऐकू आले. बाळ सुखरूप होते आणि शेजारी एक लांडगा मरून पडला होता.

मराठी वाचकाला ही गोष्ट नवी नाही. लांडग्याच्या जागी साप आणि कुत्र्याच्या जागी मुंगूस ठेवले, की पंचतंत्रातली ब्राह्मणी डोक्यावरचा पाण्याचा घडा मुंगसावर टाकताना दिसते. ‘अपरीक्षितकारक’ या पाचव्या तंत्रातली ही कथा पेहलवी आणि अरबी भाषांतरांमधून पश्चिमेकडे गेली. मध्ययुगीन युरोपात मुंगसाचा कुत्रा झाला. फ्रान्समध्ये तर अशाच एका कुत्र्याला लोक संत मानून नवस बोलत. वेल्समध्येही ‘कुत्र्याला मारणाऱ्या माणसासारखा पस्तावलो’ अशा अर्थाची म्हण जुनी आहे. पण या कथेला बेद्गेलर्टचा पत्ता मिळाला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस. गावातल्या गोट हॉटेलचा पहिला मालक डेव्हिड प्रिचर्ड दक्षिण वेल्सहून आला होता. प्रवासी यावेत म्हणून त्यानेच ही कथा इथे रुजवली आणि समाधीचे दगड उभे केले, असे मानले जाते. १८००च्या सुमारास विल्यम रॉबर्ट स्पेन्सर या कवीने तिच्यावर कविता लिहिली आणि गावाची कीर्ती दूरवर गेली. गावाचे नाव मात्र त्याहून कितीतरी जुने; ते केलर्ट नावाच्या संतावरून आले असावे, असे अभ्यासक मानतात. समाधी खोटी म्हणून कथेचे मोल कमी होत नाही. तिथे उभे राहणारा माणूस आजही त्या पाट्या शेवटपर्यंत वाचतो.

१८०२ साली सुरू झालेले ते हॉटेल, रॉयल गोट, अजून उभे आहे. कॉल्विनवरच्या दगडी पुलाजवळचे ‘ती इसाव’ हे सतराव्या शतकातले घर नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. गावाबाहेरची सिगन ही तांब्याची खाण १९०३ मध्ये बंद पडली आणि १९८६ पासून पर्यटकांसाठी उघडली. वेल्श हायलँड रेल्वेची वाफेची गाडी १९३०च्या दशकात थांबली होती. ती २००९ मध्ये पुन्हा गावात आली. तिचे रूळ जवळपास माथेरानच्या गाडीइतकेच अरुंद आहेत.

गावाच्या ईशान्येला दिनास एम्रिस ही किल्ल्याची टेकडी आहे. दंतकथा अशी, की व्होर्टिगर्न राजा इथे किल्ला बांधू लागला, पण दिवसा रचलेली भिंत रात्री ढासळे. एका मुलाने सांगितले, की खालच्या तळ्यात लाल आणि पांढरा असे दोन ड्रॅगन झुंजत आहेत. त्यांतला लाल जिंकला. वेल्सच्या झेंड्यावर आज ड्रॅगन आहे तोही लालच. १९५०च्या दशकात टेकडीवर उत्खनन झाले, तेव्हा तटबंदीच्या आत खरोखरच पाण्याचे एक जुने टाके सापडले.