कामातले नामस्मरण

हातातले काम न थांबवता देवाचे नाव घेणे आणि त्या कामातच देव पाहणे, ही वारकरी संप्रदायातली रोजची साधना आहे. तिला सोवळे, आसन, मुहूर्त काही लागत नाही. बहुतेक वारकरी ‘रामकृष्णहरि’ हा सहा अक्षरांचा मंत्र किंवा नुसते ‘विठ्ठल’ म्हणतात. गोंदवलेकर महाराजांच्या (१८४५–१९१३) परंपरेत ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ही तेरा अक्षरे आहेत. कोणते नाव घ्यावे यावर अडून बसू नये. एकदा घेतलेले मात्र सारखे बदलू नये.

अरणच्या (ता. माढा, जि. सोलापूर) सावता माळ्यांना (समाधी १२९५) कांदा, मुळा, भाजी यांतच विठाई दिसली, मोट, नाडा, विहीर, दोरीही त्यांच्या अभंगात आहे. त्याच अभंगात मिरचीही येते. ती भारतात पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, म्हणजे हा शब्द पुढच्या गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातून घातला असावा. अभंग कामाच्या जागी म्हटला जात होता, याची ही चांगली खूण आहे. नरहरी सोनारांनी देहाची बागेसरी (सोनाराची शेगडी), त्रिगुणांची मूस आणि नामाचे सोने केले. सेना न्हाव्यांनी विवेकाचा आरसा आणि वैराग्याचा चिमटा हाती घेतला. याला नुसती रूपके म्हणून सोडणे चूक आहे. हे अभंग ज्याच्या कानावरून गेले, त्याला रोज चिमटा उचलताना देव आठवणारच. आठवण करून देण्याचे काम अवजाराकडेच सोपवलेले आहे.

दळणाला यात पहिला मान. गंगाखेडच्या जनाबाई पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळण-कांडण करत. जवळच्या गोपाळपुरात त्यांचे म्हणून जाते दाखवतात. ओवी खुंट्याच्या फेऱ्यावर चालते. हात एका लयीत फिरतो, डोक्याला काम नसते, आणि पहाटेच्या अंधारात जिभेला मोकळीक असते. ‘पहिली माझी ओवी’ म्हणत सुरुवात देवापासून होई. मग माहेर, भाऊ, दुखणीखुपणी. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण ओवीची जागाही गेली.

ही सवय लावायची तर सकाळी एक माळ बसून, मोठ्याने करावी. माळेत १०८ मणी असतात. मणी मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने ओढतात, तर्जनी लावत नाहीत. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मणी, ओलांडायचा नसतो. तिथून माळ उलटी फिरवतात. ‘रामकृष्णहरि’ची एक माळ सावकाश म्हटली तर चारेक मिनिटांत होते. यानंतर दिवसातले एकच काम निवडावे: पोळ्या लाटणे, भांडी, झाडलोट किंवा चालणे. पहिल्याच दिवशी सगळ्या कामांना नाम जोडणाऱ्याचे आठवड्यात सुटते. चालताना राम, कृष्ण, हरि अशी तीन पावले धरावीत. पावले तीन असल्याने नाव एकदा उजव्या पायावर सुरू होते, एकदा डाव्या. लय चुकली की लगेच कळते.

हिशेब, शिकवणे, फोनवर बोलणे अशा शब्दांच्या कामात नाम सोबत चालत नाही. तिथे जबरदस्ती केली तर बेरीज चुकते आणि नामही राहत नाही. अशा वेळी ते कामाच्या सांध्यावर घ्यावे: वही उघडण्याआधी, फोन ठेवल्यावर, कुलूप लावताना. गाडी चालवताना हातात माळ किंवा मोजणीचे यंत्र मुळीच नको.

सर्वांत जास्त बिघडते ते मोजण्याने. आकडा वाढू लागला की वेग वाढतो, अक्षरे गिळली जातात, ‘रामकृष्णहरि’चे ‘रामकिशनरी’ होते, आणि समोर आलेला माणूस अडथळा वाटू लागतो. तसे झाले की महिनाभर मोजणी बंद ठेवावी आणि नाव स्वतःच्या कानाला ऐकू येईल असे म्हणावे. मन भटकले तर मागचे भरून काढायचे नसते. जिथे लक्षात आले तिथून पुढचे नाव घ्यायचे. जेवणानंतर बसून मानस जप केला तर झोप येते, तेव्हा ती वेळ भांड्यांना द्यावी.