ताडपत्रीचा निवारा

ताडपत्रीचा निवारा : दोऱ्या, काठ्या, मेखा आणि जवळच्या झाडांच्या आधाराने एकच ताडपत्री ताणून उभारलेले तात्पुरते छत. डोंगरभटकंतीत किंवा नदीकाठच्या मुक्कामात ऊन, पाऊस व वारा अडवण्यासाठी ते वापरतात. तंबूचा आकार कारखान्यात ठरलेला असतो. ताडपत्रीचा आकार मात्र जागेवर, त्या दिवशीचे वारे पाहून ठरवावा लागतो. म्हणून महागडी ताडपत्री चुकीची बांधली तर रात्रभर भिजवते, आणि साधी नीट ताणली तर कोरडे ठेवते.

शब्द ऐकून ताडाचे पान आठवते, पण या वस्तूचे मूळ जहाजावर आहे. युरोपीय खलाशी जाड कापडाला डांबर फासून माल झाकत. टारपॉलिन या इंग्रजी नावातले ‘टार’ म्हणजे डांबर. आज बाजारात मिळते ती बहुतेक प्लॅस्टिकच्या पट्ट्या विणून त्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चढवलेली असते. तिची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम अशी मोजतात. १२ × १५ फुटांची १२० जीएसएमची ताडपत्री सुमारे २ किलो भरते. २५० जीएसएमची घेतली तर ४ किलोंच्या वर जाते. पाठीवर न्यायची असेल तर पहिली पुरेशी आहे. सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन याहून पुष्कळ हलके, पण भिजले की सैल पडते. रात्री एकदा उठून तणावे, म्हणजे ताणाच्या दोऱ्या, पुन्हा ओढावे लागतात.

बांधणीचे प्रकार अनेक सांगितले जातात, पण कामाचे दोनच. दोन झाडांमध्ये दोरी ताणून तिचे आढे करायचे आणि ताडपत्री दोन्ही अंगांना उतरवायची, हा दुपाखी प्रकार पावसासाठी. एक कड जमिनीलगत आणि समोरची उंच ठेवली की एकपाखी होते. ती वाऱ्याला पाठ देऊन बसण्यासाठी. दोन्हींत उतार हवाच. सपाट ताडपत्रीच्या मध्यभागी पाणी साठते, आणि एका चौरस मीटरवर केवळ १ सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो वजन. त्या वजनाने खोलगा वाढतो, वाढलेल्या खोलग्यात आणखी पाणी येते, आणि शेवटी कोपऱ्याची कडी उपटते. कडी तुटली तरी अडत नाही. कोपऱ्यात गुळगुळीत खडा घालून कापडाची गुंडी करावी आणि तिच्या मानेला दोरी आवळावी. ही बांधणी कित्येकदा मूळ कडीपेक्षा जास्त टिकते.

आढ्याच्या दोरीवरून पावसाचे पाणी ओघळत आत येते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. छताच्या बाहेर, दोरीवर सुतळीचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडला की पाणी तिथेच गळते. वळचणीच्या पागोळ्या पडतील तिथून उताराकडे पाणी जाते ना, हेही झोपण्याआधी पाहावे. मेख निवाऱ्यापासून बाहेर कललेली ठोकावी. सह्याद्रीच्या कातळावर आणि कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, ती शिरतच नाही. तिथे तणावे मोठ्या धोंड्यांना बांधतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ती बाजू अगदी खाली ओढावी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या जागी वारा दरीतून वर उसळतो आणि पाण्यालाही वर फेकतो. अशा काठावर ताडपत्रीचा कोणताच आकार उपयोगी नाही. मागे सरकून झाडीच्या आडोशाला जावे. विजेपासून तर ताडपत्री काहीच संरक्षण देत नाही.

सावलीचे गणित वेगळे आहे. इथे छत उंच आणि चारही बाजूंनी मोकळे हवे, कारण तापलेले प्लॅस्टिक स्वतःच खाली उष्णता सोडते. वीतभर अंतर ठेवून खाली सुती चादर बांधली तर फरक लगेच जाणवतो. दुपार ढळताना सावली पूर्वेकडे सरकते, म्हणून पश्चिमेची कड खाली घ्यावी. चूल मात्र छताखाली मांडू नये. ताडपत्रीचे प्लॅस्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, साधारण १३० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते, आणि त्याचे थेंब अंगावर पडले तर कातडीला चिकटतात.

महाराष्ट्रात ही विद्या हौशी भटक्यांनी शोधलेली नाही. ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि पुढचे चार-पाच महिने उसाच्या फडाजवळच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत, पाचटावर नि बांबूवर ‘कागद’, म्हणजे प्लॅस्टिकचे आच्छादन, टाकून, लेकराबाळांसह राहतात. आषाढीच्या वाटेवर वारकरी तोच कागद पावसात डोक्यावर घेतात. भटक्याची दोन रात्रींची गंमत ही त्यांची नाइलाजाची सवय आहे, आणि तणावा कसा ओढावा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

सकाळी घडी घालण्याआधी ताडपत्री लांब काठीने उलटावी. खालच्या उबेला विंचू येतो, कोकणात फुरसे हा विषारी सापही. ओली घडी घातली तर कुबट वास धरते. उन्हात मात्र गरजेपुरतीच वाळवावी, कारण त्याच उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि पुढे घडीच्या रेषांवर त्याचे पापुद्रे सुटू लागतात.