ताणाचे प्रशिक्षण आणि कामाची रचना

१९७० च्या दशकात स्टॉकहोमच्या मानसशास्त्रज्ञ मारियान फ्रांकेनहॉयझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधील लाकूड कापण्याच्या गिरणीत कामगारांच्या लघवीचे नमुने तपासले. ताणाच्या वेळी मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून रक्तात येणारे अ‍ॅड्रेनलिन काही अंशी लघवीवाटे बाहेर पडते. त्यामुळे कामाची पाळी चालू असताना ठरावीक अंतराने नमुने घेतले, तर कोणाच्या शरीरावर किती भार पडतो आहे, हे त्याच्या सांगण्यावर विसंबून न राहता कळू शकते. यंत्राच्या वेगाने पुढे सरकणाऱ्या लाकडाची प्रत काही सेकंदांत ठरवायची, नजर हटवायची नाही आणि जागाही सोडायची नाही, असे काम करणाऱ्यांचे अ‍ॅड्रेनलिन दिवसभर चढत गेले आणि पाळी संपताना ते सर्वाधिक होते. त्याच गिरणीत दुरुस्ती-देखभालीची कामे स्वतःच्या वेगाने करणाऱ्यांचे अ‍ॅड्रेनलिन मात्र दिवसाअखेर उतरणीला लागलेले आढळले.

कर्मचाऱ्यांना ताण हाताळायला शिकवता येते आणि तसे शिकवले की त्यांचे आरोग्य सुधारते व कामही वाढते, असे गृहीत धरून आज असंख्य कंपन्या आणि सरकारी खाती प्रशिक्षणाचे वर्ग भरवतात. या गृहीतकाचा पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे, दुसरा बराच डळमळीत आहे.

धोका जाणवला की मेंदू दोन मार्गांनी शरीराला जागे करतो. चेतातंतूंचा मार्ग जलद असतो. त्यातून काही सेकंदांत अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते आणि स्नायू ताठरतात. दुसरा मार्ग मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून पीयूषिका ग्रंथीमार्गे अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढवून रक्तात साखर उपलब्ध करून देतो. परीक्षेच्या किंवा महत्त्वाच्या सादरीकरणाच्या दिवशी ही व्यवस्था उपयोगीच पडते. अडचण होते ती ही जाग वेळेवर उतरत नाही तेव्हा: रक्तदाब चढा राहतो, झोप उथळ होते आणि अपुऱ्या झोपेमुळे दुसऱ्या दिवशीचे साधे कामही जड वाटू लागते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

चांगल्या प्रशिक्षणात नेमके काय शिकवतात? या क्षेत्रातील बऱ्याच अभ्यासक्रमांचा पाया कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबाम यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या ‘ताण-लसीकरण’ पद्धतीत सापडतो. तिचे टप्पे तीन: आपला ताण कसा घडतो हे ओळखणे, तो हाताळण्याची कौशल्ये शिकणे आणि सौम्य प्रसंगांपासून सुरुवात करून ती प्रत्यक्ष वापरणे. समजा, शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता साहेबांचा मेल आला, ‘सोमवारी सकाळी भेटा.’ शनिवार-रविवार त्यातच जातो, कारण मनाने त्याचा अर्थ ‘नोकरी गेली’ असा लावलेला असतो. प्रशिक्षणार्थीला कागदावर तीन रकाने आखायला सांगतात: प्रत्यक्षात काय घडले, मी त्याचा काय अर्थ लावला आणि दुसरे कोणते अर्थ संभवतात. हे बाळबोध वाटेल. पण पहिल्या रकान्यात फक्त ‘भेटा’ एवढाच शब्द उरतो, हे स्वतःच्या हाताने लिहिताना जेवढे उमजते तेवढे व्याख्यान ऐकून उमजत नाही. जोडीला शरीराचे शिक्षण असते. अमेरिकी वैद्यक एडमंड जेकबसन यांच्या पद्धतीत मूठ काही सेकंद घट्ट आवळायची आणि सैल सोडून दोन्ही अवस्थांतील फरक जाणून घ्यायचा, मग दंड, खांदे, जबडा असे एकेक स्नायू घेत पुढे जायचे. श्वास मिनिटाला साधारण सहापर्यंत संथ केला, तर श्वास आणि रक्तदाबाचे नियमन यांची लय जुळते आणि हृदयगतीतील निरोगी चढउतार वाढतो.

१९८२ मध्ये अमेरिकेत एका सरकारी खात्यातील ७९ कर्मचाऱ्यांवर या पद्धतीची प्रसिद्ध चाचणी झाली. यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दोन गट पाडून एका गटाला आठ आठवड्यांत १६ तासांचे प्रशिक्षण दिले. त्या गटाचे अ‍ॅड्रेनलिन आणि नैराश्याचे गुण दुसऱ्या गटापेक्षा घटले आणि चार महिन्यांनीही ते मूळ पातळीवर परतले नव्हते. मात्र नंतर दुसऱ्या गटालाही तेच प्रशिक्षण दिले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. संशोधकांनी असे कार्यक्रम सरसकट राबवू नयेत, अशी शिफारस केली. निष्कर्ष स्वतःच्या अपेक्षेवर पाणी फिरवणारा असूनही तो स्पष्टपणे मांडणे ही विज्ञानातील दुर्मीळ नसली, तरी दाद देण्याजोगी गोष्ट आहे. पुढे २००८ मध्ये ३६ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विचारांना वळण देणाऱ्या पद्धती सर्वांत परिणामकारक ठरल्या. सर्वाधिक वापरात होती ती मात्र शिथिलीकरणाची तंत्रे, कारण ती स्वस्त आणि सोपी असतात. विचारपद्धतीच्या प्रशिक्षणात आणखी चार गोष्टी घातल्या की परिणाम वाढण्याऐवजी घटत होता. सकाळी योगासने, मग आहारतज्ज्ञ आणि जेवणानंतर हास्ययोग अशी खिचडी करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हरकत नाही.

आरोग्य आणि कामगिरी यांवरील परिणामाबद्दल पुरावा अधिक कोरडा आहे. इलिनॉय विद्यापीठाने ४,८३४ कर्मचाऱ्यांची यादृच्छिक विभागणी करून आरोग्य-कार्यक्रमाचा अभ्यास केला. त्यात ताण-व्यवस्थापनाचे वर्गही होते. वैद्यकीय खर्च आणि कामगिरी यांत लक्षणीय फरक पडला नाही. मौज अशी की, कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची केवळ न घेणाऱ्यांशी तुलना केली असती, तर तो कमालीचा यशस्वी वाटला असता. कारण मुळात निरोगी आणि कमी खर्चिक असलेलीच माणसे तिकडे अधिक वळली होती. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीतून दाखवले की, अशा वैयक्तिक उपक्रमांत सहभागी झालेले कर्मचारी इतरांपेक्षा सुखी नव्हते. हा प्रयोग नव्हे, पाहणी आहे. अधिक त्रस्त असलेली माणसेच वर्गांना गेली असण्याची शक्यता तिच्यात पूर्णपणे नाकारता येत नाही. तरीही जाहिरातींतील दाव्यांच्या मानाने हा निकाल फारच फिका आहे.

१९८५ मध्ये लंडनच्या १०,३०८ सरकारी नोकरांवर सुरू झालेल्या मायकेल मार्मट यांच्या व्हाइटहॉल अभ्यासातून दिसले की, कामावर स्वतःचे नियंत्रण कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार अधिक आढळतो. स्वीडनच्या गिरणीतील अ‍ॅड्रेनलिनचा आलेखही हेच सांगत होता. प्रतवारी करणाऱ्या त्या कामगाराला संथ श्वास शिकवता येईल, पण यंत्राचा वेग तोच राहील. म्हणूनच ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने २००४ मध्ये ठरवलेल्या सहा निकषांत, म्हणजे कामाचा भार, नियंत्रण, आधार, परस्परसंबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल यांत, कर्मचाऱ्याच्या सोशिकपणाला स्थान नाही.

आपल्याकडे याचे उदाहरण मुंबईच्या पोलीस दलात आहे. बारा तास आणि बंदोबस्त असेल तेव्हा त्याहूनही लांबणारी ड्युटी हे तिथले नित्याचे दुखणे होते. २०१६ मध्ये, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना, देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळ्यांचा प्रयोग सुरू झाला. त्यामागची आखणी एका पोलीस शिपायानेच केली होती. शास्त्रीय अर्थाने ही काटेकोर चाचणी नव्हती. परंतु ताणाचा उगम वेळापत्रकात असेल तर हात वेळापत्रकाला घालावा लागतो, हे तिथे जमेस धरले गेले.

याचा अर्थ प्रशिक्षण निरुपयोगी, असा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या रचनेतील बदलांबरोबर कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणालाही जागा आहे, आणि त्रस्त सहकारी ओळखणे, त्याचे ऐकून घेणे व कामातील जाच कमी करणे यांसाठी व्यवस्थापकांना प्रशिक्षण द्यावे, अशी ठाम शिफारस आहे. ज्या संस्थेला असा वर्ग भरवायचा आहे, तिला त्याची परीक्षाही फारसा खर्च न करता घेता येईल. सर्वांना एकदम न बसवता चिठ्ठ्या टाकून दोन तुकड्या कराव्यात, पहिलीला आठ आठवडे कामाच्याच वेळेत शिकवावे, दुसरीला त्यानंतर. आणि मधल्या काळात दोन्ही तुकड्यांच्या आजारपणाच्या रजा, झोप आणि कामातील चुका नोंदवून ठेवाव्यात.