फॉस्टस एक नाही, दोन आहेत: १६०४ चा आणि १६१६ चा

इंग्लिश नाटककार क्रिस्टोफर मार्लोच्या ‘डॉक्टर फॉस्टस’ या नाटकावरच्या लेखांत आणि परीक्षेच्या नोट्समध्ये एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसतो. एका परिच्छेदात ‘ते बघा, ख्रिस्ताचं रक्त आकाशात वाहतंय’ हा फॉस्टसचा आक्रोश येतो. पुढच्याच परिच्छेदात ‘बायबलची पानं मीच उलटली’ ही त्याच्या दिमतीला आलेल्या मेफिस्टोफिलिस या सैतानाची कबुली, आणि मग दोन्हींवर मिळून एक निष्कर्ष. पहिली ओळ फक्त १६०४ च्या प्रतीत आहे (ए टेक्स्ट), दुसरी फक्त १६१६ च्या (बी टेक्स्ट). या दोन्ही ओळी एकत्र असलेलं नाटक त्या काळी छापलंच गेलेलं नाही. फॉस्टस नरकातून वाचू शकला असता का, या प्रश्नाला दोन्ही प्रती वेगवेगळं उत्तर देतात, म्हणून ही सरमिसळ खपवून घेता येत नाही.

कथानक सांगत बसत नाही. विटेनबर्गचा विद्वान, आत्म्याच्या बदल्यात सैतानाशी चोवीस वर्षांचा करार, रक्ताची सही हे दोन्हीकडे तेच आहे. बाहेरचे फरकही पटकन उरकू. मार्लो १५९३ मध्ये मारला गेला. दोन्ही प्रती त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. ए मधल्या ३६ ओळी बी मध्ये नाहीत आणि ६७६ नव्या आहेत. १६०२ मध्ये विल्यम बर्ड आणि सॅम्युएल रोली यांना या नाटकात भर घालण्यासाठी ४ पौंड दिल्याची नोंद नाट्यव्यावसायिक हेन्स्लोच्या वहीत आहे. बी मधली बरीचशी भर तीच असावी. प्रतिस्पर्धी पोप ब्रूनोची सुटका आणि शेवटी विद्यार्थ्यांना सापडणारे फॉस्टसच्या देहाचे तुकडे ही बी ची भर. ब्रूनोवर पानंच्या पानं लिहिण्यात मला अर्थ वाटत नाही.

आणखी एक फरक उगाच मोठा केला जातो. शेवटच्या स्वगतात ए मधला फॉस्टस ‘माय गॉड, माय गॉड’ म्हणतो, बी मधला ‘ओ मर्सी, हेवन’. १६०६ च्या कायद्याने रंगमंचावर देवाच्या नावाचा अवमानकारक उच्चार केल्यास १० पौंड दंड ठेवला होता. तेव्हा हा बदल दंड टाळण्यासाठी झाला असणार. त्यावरून ‘बी मधला फॉस्टस देवापासून जास्त दुरावलेला’ असं ठरवणं चूक आहे.

खरी गाठ एका शब्दात आहे. जग कोणी निर्माण केलं हे सांगायला मेफिस्टोफिलिस नकार देतो, फॉस्टस हादरतो आणि विचारतो, आता फार उशीर झाला का? त्याला दोन बाजूंना ओढणाऱ्या दोन दूतांपैकी दुष्ट दूत म्हणतो, झाला. चांगला दूत ए मध्ये म्हणतो, ‘नेव्हर टू लेट, इफ फॉस्टस कॅन रिपेंट’. बी मध्ये ‘कॅन’च्या जागी ‘विल’ आहे. पश्चात्ताप करता आला तर, की पश्चात्ताप करायचा असेल तर?

आज हा फरक बारीक वाटेल. तेव्हाच्या केंब्रिजमध्ये वाद नेमका याच जागी पेटला होता. मार्लो तिथे १५८० ते १५८७ या काळात कॉर्पस क्रिस्टी कॉलेजात होता. विल्यम व्हिटेकर आणि विल्यम पर्किन्स हे कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं की तारण कोणाचं व्हायचं ते देवाने आधीच ठरवलं आहे आणि पश्चात्तापसुद्धा कृपेनेच घडतो. कृपा नसेल तर माणूस नुसता रडेल, त्याचा पश्चात्ताप होणार नाही. पीटर बारो हा प्राध्यापक याला विरोध करत होता. १५९५ मध्ये विल्यम बॅरेटच्या कॅल्विनविरोधी प्रवचनावरून भडका उडाला आणि कॅल्विनच्या बाजूने कौल देणारी लॅम्बेथची ९ कलमं तयार झाली. शेवटचं कलम सांगतं की तारण होणं हे प्रत्येक माणसाच्या इच्छेत किंवा शक्तीत नाही. इच्छा आणि शक्ती, दोन्ही एका दमात नाकारलेली.

हे कलम लक्षात ठेवलं की ‘ए म्हणजे कॅल्विन, बी म्हणजे इच्छास्वातंत्र्य’ हे सोपं समीकरण कोसळतं. कट्टर कॅल्विनवाद्याच्या मते इच्छाच बांधलेली असते, त्यामुळे ‘विल’ म्हटल्याने कोणी मोकळा होत नाही. बी ला ‘आर्मिनियन’ (म्हणजे माणसाच्या इच्छेला वाव देणाऱ्या आर्मिनियसच्या मताचा) म्हणणारे तारखाही विसरतात: आर्मिनियसच्या अनुयायांचं निवेदन १६१० चं, ते मत फेटाळणारी डॉर्टची धर्मसभा १६१८-१९ ची, आणि इंग्लंडमध्ये तो पक्ष बळावला त्यानंतर. शिवाय ‘माझं हृदय इतकं कठीण झालंय की पश्चात्ताप करता येत नाही’ अशा अर्थाची फॉस्टसची ओळ दोन्ही प्रतींत आहे.

बी स्वतःच दोन दिशांना ओढतो. फॉस्टसला पश्चात्ताप करायला सांगणारा एक म्हातारा दोन्हीकडे आहे. ए मधला सांगतो की पाप धुतलं जाईल ते फक्त तारणाऱ्याच्या रक्ताने. बी मधला म्हणतो, पाप सवयीने स्वभाव बनलं नसेल तर तुझा आत्मा अजून प्रेम करावा असाच आहे. इथे बी नक्कीच मवाळ आहे. पण पहिला प्रवेश आठवा. फॉस्टस जेरोमचं लॅटिन बायबल उघडतो, रोमकरांस पत्रातलं ‘पापाचे वेतन मरण आहे’ एवढंच वाचतो आणि ‘पण देवाचे कृपादान सार्वकालिक जीवन आहे’ हा उरलेला भाग सोडतो. मग योहानाच्या पहिल्या पत्रातलं ‘आपण पापी नाही म्हटलं तर स्वतःला फसवतो’ हे वचन. पाप कबूल केल्यास क्षमा मिळते हे लगेच पुढचं वचन सोडलेलं. या दोन अर्धवट वचनांतून तो ‘जे व्हायचं ते होणारच’ असा सिद्धांत काढतो आणि बायबल मिटतो. ए मध्ये तो तिथेच का थांबला हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही, दोष त्याचा की त्याच्यावर आधीच पडलेल्या निकालाचा हा प्रश्न आपल्यावर सोडलेला. बी मध्ये शेवटच्या अंकात मेफिस्टोफिलिस आनंदाने कबूल करतो की पानं मी उलटली, नजर मी वळवली. तो खोटं बोलत असेलही. पण ते खरं धरलं तर ज्याला ‘विल’ म्हणून जबाबदार धरलं, त्याच्या इच्छेला वळण सैतानाने दिलेलं होतं. नरकाचा राजा ल्यूसिफर आणि मंडळी तर शेवटी फॉस्टसचा अंत पाहायला हजरच असतात. ए मधली झुंज फॉस्टसच्या आत आहे, बी मधली रंगमंचावर डोळ्यांना दिसते.

१९५० मध्ये संपादक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेगने दोन्ही पाठ समोरासमोर छापून बी मूळच्या जवळचा मानला आणि पुढे बरीच वर्षं आवृत्त्या बी वर बेतलेल्या निघाल्या. आज बहुतेक अभ्यासक ए कडे झुकतात, आणि वाचायला एकच निवडायचा तर तोच निवडावा. बेव्हिंग्टन आणि रासमुसेन यांची १९९३ ची आवृत्ती दोन्ही स्वतंत्र छापते. मिळाली तर तीच घ्या. इंटरनेटवरची प्रत असेल तर आधी ‘ब्रूनो’ शोधा: सापडला तर बहुधा बी. मग चांगल्या दूताची ओळ काढून ‘कॅन’ आहे की ‘विल’ ते पाहा. ‘कॅन’ही आहे आणि ब्रूनोही आहे, तर ती कुण्या संपादकाने जुळवलेली खिचडी आहे, तिच्यावरून फॉस्टसच्या पश्चात्तापाबद्दल एक ओळही लिहू नका.